अमेरिकेआधी एक घर

राहुरीच्या एसटी स्टँडवर आम्ही चौघं उभे होतो. तात्या, आई, माझा थोरला भाऊ दादा आणि मी. बहात्तर सालचा श्रावण होता, तरी आभाळ कोरडंठाक होतं आणि चालून आल्यामुळं आईचे पाय फुफाट्यानं पांढरे झाले होते. गाडी लागली तशी तात्यांनी माझी ट्रंक स्वतःच टपावर चढवली, कुणाला हात लावू दिला नाही. आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "कुनाच्या बी घरी गेलास तर जेवल्याबगर उठू नगं." अमेरिकेला निघालेल्या मुलाला तिनं एवढंच सांगितलं. गाडी हलली तेव्हा ती रडत नव्हती. रडत होता तो दादा.

खरं तर मी उन्हाळ्यातच निघायला हवं होतं. घरातली तुम्ही मुलं, गावाकडची आणि इकडचीही, मला अधूनमधून विचारता की तेव्हा गेला नाहीत याचं वाईट वाटतं का. म्हणून हे लिहितो आहे.

पुण्यात माझं सिव्हिल इंजिनिअरिंग संपत आलं होतं. ओहायोतल्या एका विद्यापीठात आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर वर्गाला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसह. वर्ग सप्टेंबरात सुरू होणार होते. पण माझ्यासारख्या, आर्किटेक्चर कधीच न शिकलेल्यांसाठी जूनपासून एक समर प्रोग्रॅम होता. सक्तीचा नव्हता. तो केला नाही तर पहिलं वर्ष जड जाईल, असं मात्र त्यांनी कळवलं होतं. होस्टेलवरचे मित्र म्हणाले, यात विचार कसला करतोस? मलाही विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. शेवटचा पेपर झाला आणि मी निरोप घ्यायला घरी गेलो.

आमचं गाव मुळा धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. भिंतीचं काम सरत आलं होतं आणि येत्या पावसाळ्यात पाणी गावात शिरणार, असं सगळे धरून चालले होते. वर माळावर नवं गावठाण आखलेलं होतं. तोवर राहायला पत्र्याची शेडं होती. तात्या आणि दादा शेडात राहायला गेले होते. आई गेली नव्हती. गल्लीतली घरं एकेक करून उतरवली जात होती. लोक तुळया, चौकटी, दारं बैलगाडीत घालून वर नेत होते, आणि आई आमच्या धाब्याच्या घरात एकटीच राहत होती.

"शेडात मानसं ऱ्हात्यात व्हय?" ती म्हणाली. "भिंतीचं घर हुईस्तवर मी हालनार न्हाई."

तात्यांनी मला बाजूला घेतलं. "तू तुझं जा. पानी पायाला लागलं की येतीया ती." पण बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. दादा मजुरी करून आला की अंधार पडेपर्यंत माळावर एकटाच पाया खणायचा. कठीण मुरूम होता, गुडघ्याइतकंही खोल झालं नव्हतं.

आईनं मला रडून थांबवलं नाही. वांगी चिरताचिरता विचारलं, "तू तिकडं शिकायला काय चाललास?"

"घरं बांधायला."

"मंग आमचं बांद आन् जा."

मला रागच आला. एक उन्हाळा, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा, आणि तो मी दगडमातीत घालवायचा? संध्याकाळी मी तणतणत माळावर गेलो. कडेला उभं राहून खाली बघितलं. अख्ख्या गावात एकाच घरातून चुलीचा धूर निघत होता. शेजार नव्हता, हाक मारायला कुणी नव्हतं, आणि ती आमच्यासाठी भाकरी करत होती.

दुसऱ्या दिवशी राहुरीच्या पोस्टात जाऊन मी पत्र टाकलं: समर प्रोग्रॅमला येऊ शकत नाही, सप्टेंबरात हजर होतो.

मग दादा आणि मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी मी फक्कीनं जमिनीवर घर आखलं आणि आईला बघायला बोलावलं. ती वहाणा बाहेर काढून दारातून आत आली. नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या, पण तिनं एकही भिंत ओलांडली नाही. सैपाकघराच्या जागी फतकल मारून बसली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "हितनं रस्ता दिसत न्हाई. कोन आलं गेलं मला कळायचं कसं?" मी रेघ पुसली आणि चूल पूर्वेला, रस्त्याच्या बाजूला घेतली. ती पुन्हा बसली, मग हसली. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच.

दगड ओढ्यातून आणले, लाकूड जुन्या घराचं घेतलं. आई राहत असतानाच ते घर आम्ही एकेक खण उतरवत गेलो. शेवटी सैपाकघर तेवढं उरलं. त्या दिवशी तिनं सकाळी भाकरी केल्या, चुलीवर पाणी ओतलं आणि बाहेर आली. तात्या म्हणाले, "गाडीत बस." ती बसली नाही. जू धरून बैलांच्या बरोबरीनं चढ चढून गेली.

मृगाच्या आत आमचं छप्पर झालं. आणि त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. धरणात पाणी साचलं नाही, आमच्या पडक्या गल्लीत थेंब शिरला नाही. मला वाटायचं, गेलो असतो तरी काही बिघडलं नसतं. हे मी कुणाला बोललो नाही. दादा मात्र एकदा आपणहून म्हणाला, "तुझा उन्हाळा आमी खाल्ला रं."

ओहायोत पहिलं वर्ष खरंच जड गेलं. उन्हाळ्यात आलेली मुलं स्टुडिओत रुळलेली होती. एकमेकांची टोपणनावं, प्राध्यापकांच्या आवडीनिवडी, पुठ्ठ्याचं मॉडेल कसं कापायचं, सगळं त्यांना ठाऊक होतं. माझ्या रेघा इंजिनिअरच्या, जाड आणि घाबरलेल्या. एक सेमिस्टर मला जास्तीचं करावं लागलं. बर्फातून खोलीवर परतताना मी आईवर चिडलोही आहे. पुढं जमत गेलं. नोकरी लागली, लग्न झालं, शाळा आणि दवाखान्यांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलं.

म्हणून वाईट वाटतं का, याचं उत्तर 'हो' असंच आहे. ते वाटतं, आणि तरी तो उन्हाळा परत मिळाला तर मी माळावरच घालवीन. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तात्या, आई त्याच घरात वारले. दादाही गेला. तीन वर्षांपूर्वी दादाच्या संजयनं फोन केला. घरावर मजला चढवतोय, म्हणाला. मी लगेच भिंतींची जाडी, स्लॅब, कॉलम असं सुरू केलं. तो म्हणाला, "काका, ते इंजिनिअर बघतोय. तुमी फक्त खिडकी कुनीकडं पायजे ते सांगा."

"कसली खिडकी?"

"तुमच्या खोलीची. वर तुमची खोली काढलीय."

मी त्या घरात स्वतःला जागा ठेवलेली नव्हती. निघायच्या तयारीत असलेल्या माणसाला ते सुचलंच नव्हतं. नंतर जायचो तेव्हा ओसरीवर अंथरूण टाकायचो, पाहुण्यासारखा. जन्मभर मी दुसऱ्यांसाठी खोल्या काढल्या. माझ्यासाठी खोली कुणी काढली ती ही पहिलीच. संजय "हॅलो, हॅलो" करत राहिला.

"पूर्वेला," मी शेवटी म्हणालो.