फोटो खाली आहेत

उत्तर भारतात, नॉलेज सिटीतल्या एका संशोधन संस्थेत मी उपकरणांची मापं तपासतो. मुलीच्या हॉकीचे फोटोसुद्धा मी मापानेच काढायचो. शटर सेकंदाचा हजारावा भाग, सेकंदाला दहा फ्रेम. चेंडूवरचे खळगे दिसले पाहिजेत, स्टिकची कड स्पष्ट आली पाहिजे. जरा हललेला फोटो असला की पुसून टाकायचो. सामन्याला सहाशेच्या आसपास फोटो, त्यातले ठेवण्यासारखे वीसेक.

पत्नी लष्करात डॉक्टर आहे. दोन वर्षांपूर्वी तिची आसामला बदली झाली आणि घरात मी आणि मुलगी असे दोघंच उरलो. मुलगी तेव्हा अकरावीत होती. सराव, शाळा, क्लास. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, तेही दोन-तीन शब्दांत. मैदान ही एकच जागा होती, जिथे मी तिच्याकडे तासभर सलग बघितलं तरी तिला खटकत नसे. बारावीनंतर ती बंगळुरूला जाणार होती. त्याआधी तिचा एक तरी चांगला फोटो आपल्याकडून निघावा, एवढीच माझी इच्छा होती.

एकदा जेवताना मी निवडलेले फोटो तिला दाखवले. तिने ते भराभर सरकवले. मग, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, मराठीत म्हणाली, "छान आहेत, बाबा. पण सगळे खाली आहेत."

"खाली?"

"हां. एकदम खाली."

मला पटलं. मी नेहमी मैदानाच्या कोपऱ्यात, कुंपणालगत छोट्या स्टुलावर बसायचो. लेन्स जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. पुढचा सामना तिचा इथला शेवटचा होता. मी स्टँडच्या अकराव्या पायरीवर जाऊन बसलो. तिला सांगितलं नाही. म्हटलं, फोटो बघून कळेलच.

आमच्या गोलकीपरचे वडील, एक सरदारजी, दर वेळी माझ्या शेजारी उभे असत आणि पीएच.डी.मुळे मला डॉक्टर म्हणत. ते खालून ओरडले, "डॉक्टर साब, ओत्थे कबूतरां दी फोटो खिच्चणी ए?" कबुतरांचे फोटो काढायला काही मी वर चढलो नव्हतो, पण नुसता हात हलवला.

शेवटच्या दहा मिनिटांत मुलीने गोल केला. मी थांबून थांबून बटण दाबत राहिलो. चौदा फ्रेम मिळाल्या.

घरी आल्यावर त्या एकेक करून बघितल्या. पहिल्या पाचांत ती वाकलेली, चेंडू गोलकडे निघालेला. सहाव्या फ्रेममध्ये स्टिक उंचावून, हसत ती कोपऱ्याकडे वळलीय. नवव्यात हात तसाच वर आहे, पण हसू गेलंय. नजर कुंपणावर काहीतरी शोधतेय. दहाव्यात मैत्रिणींनी तिला मिठी मारली आणि ती दिसेनाशी झाली. नववी फ्रेम हललेली होती, चेंडूही त्यात नव्हता. माझ्या नियमाने ती जायला हवी होती.

मी ती मुलीसमोर ठेवली. तिने ती जवळ ओढली.

"आप थे कहाँ? मुझे लगा, चले गए."

"वर होतो. तूच म्हणालीस ना, फोटो खाली आहेत."

"बाबा, खाली मतलब एम्प्टी. उनमें कुछ था ही नहीं यार."

मग तिला हसू आवरेना. मलाही आलं. इथे राहून चौदा वर्षं झाली. बाहेर कुणी हा शब्द वापरला असता तर मी चुकलो नसतो. ती मराठीत बोलली, म्हणून चुकलो.

"ये मुझे भेज दो," ती म्हणाली. माझ्याकडून फोटो मागण्याची तिची ती पहिलीच वेळ.

जुलैत ती गेली. मी आता मैदानावर जात नाही, तिथे माझं कुणी खेळत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तो फोटो दिसतो. खोलीतल्या मैत्रिणी विचारतात म्हणे, की यात तू कुणाला शोधतेयस. ती त्यांना काय सांगते, हे मी अजून विचारलेलं नाही.