आडवा हात

आपल्याकडे गोलंदाज चेंडू टाकतो. मी फेकायचो, आणि हे मी बायकोपासून अकरा वर्षं लपवून ठेवलं होतं. पुण्यात क्लब क्रिकेट खेळताना माझा हात कोपरात वाकायचा. एका सामन्यात अंपायरनं ओळीनं चार वेळा हात आडवा करून नो-बॉल दिला, कॅप्टननं चेंडू काढून घेतला आणि मी खेळ सोडला. घरी सांगायचो, खांदा दुखतो.

पुढे आम्ही शारजाला, अल नहदात राहायला आलो. दुबईच्या ऑफिसात माझा साहेब अमेरिकन. तरुणपणी तो बेसबॉलमध्ये पिचर होता. पिचर म्हणजे तिकडचा गोलंदाज, असं मी समजून होतो. छोट्या गावांच्या संघांत नऊ वर्षं त्यानं याच कामाचा पगार घेतला, बसमधून अर्धा देश पालथा घातला आणि शेवटी खांदा गेला. मोठ्या संघाचं बोलावणं काही आलं नाही. हे तो हसत सांगायचा, पण सांगताना खांदा चोळायचा.

ऑफिसच्या पिकनिकला पार्कात क्रिकेट चाललं होतं. चेंडू माझ्या पायाशी आला. मी उचलून भिरकावला तो थेट स्टंपवर. साहेब हातातला कबाब टाकून धावत आला.

"यू थ्रो," तो म्हणाला.

मी उजवा हात पाठीमागे लपवला. "नो सर. लाँग बॅक, सर. इन पुणे. नाऊ खलास."

"आय नीड अ मॅन हू थ्रोज. फ्रायडे, सिक्स ए एम. यल्ला." इकडे राहून तो 'चल'ला अरबीत यल्ला म्हणायला शिकला होता.

पिचरनं फेकायचंच असतं, हे मला त्या शुक्रवारी साहेबाच्या बेसबॉल संघाच्या सरावाला कळलं. घरी येऊन बाथरूमचं दार लावलं आणि टॉवेल गुंडाळून नाचलो.

पहिल्या सामन्याला बायको आणि मुलगी डबा घेऊन आल्या. मला एकच धास्ती: त्यांच्यासमोर कोणाचा हात आडवा व्हायला नको. पहिला चेंडू मी जीव खाऊन फेकला. समोरचा बॅट न हलवता बघत राहिला. आणि अंपायरचा उजवा हात खाडकन आडवा झाला. तो काय ओरडला ते मला ऐकूच आलं नाही. मी मुकाट्यानं ग्लोव्ह काढून खाली ठेवला आणि मान खाली घालून चालू लागलो.

साहेब धावत आला. "व्हेअर आर यू गोइंग?"

"नो-बॉल, सर. सॉरी, सर."

"दॅट्स अ स्ट्राइक, हबीबी. दॅट्स गुड. गो डू इट अगेन."

मग मी पुन्हा फेकला. हात आडवा. पुन्हा फेकला, पुन्हा आडवा, आणि तिसऱ्या स्ट्राइकला बाद होऊन तो फलंदाज बॅट आपटत परत गेला. त्यानंतर मला हसूच आवरेना. मी हसत फेकत होतो, आणि साहेब माझ्यापेक्षा मोठ्यानं हसत आपला गेलेला खांदा गोल गोल फिरवत होता.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "अहो, तुमचा खांदा दुखत होता ना?"

"खांदा नव्हता गं. मी फेकायचो. म्हणून काढलं होतं मला."

ती काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बट बाबा, दॅट्स युअर जॉब."

मी आरशात पाहिलं. तिनं उजवा हात आडवा केला होता. सिग्नल हिरवा झालेला मला कळलाच नाही. मागचे हॉर्न वाजवत राहिले.