चालत्या मोटरीला विचारणारे परबकाका

परबकाका मोटर तपासताना स्क्रूड्रायव्हर दातांत धरायचे. टोक मोटरीच्या अंगावर, लाकडी मूठ दातांत, डोळे मिटलेले. विजेचे पॅनल बनवणाऱ्या कंपनीतर्फे मी माहीमच्या त्या बर्फाच्या कारखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा ते असेच बसले होते. मी बाजूला उभी राहिले. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "पॅनलवाली मगे तू? बस गो बाय. ही आज बरी आसा."

लालबागच्या गिरणीत वायरमन म्हणून उमेदीची वर्षं काढलेला माणूस. गिरणी बंद झाल्यावर ते इथे आले. पण गेल्या वर्षभरात इथल्या दोन मोटरी जळल्या. विजेच्या तीन फेजपैकी एक उडाला, तरी मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहिली आणि तापून गेली. बर्फाअभावी कोळीवाड्यातली मासळी नासली. मालकीण हिराबाई स्वतः कोळीण. त्यांनी बजावलं होतं, "तिसरी जळली तं दुसरा वायरमन बघीन."

फेज गेल्याचं ओळखून मोटर बंद करेल असा साधा रिले निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक फेजवर व्होल्टेज गेलं की सुटून मोटर बंद करणारा एकेक साधा रिले लावला. मोटर बंद ठेवून एक फेज तोडला, तर त्याचा रिले लगेच सुटला. मी समाधानाने वही मिटली.

"रिकाम्या लाइनीक काय इचारतंस?" काका म्हणाले. "चालत्या मोटरीक इचार."

हे त्यांचं नेहमीचं. भाचीला स्थळ आलं तेव्हाही ते आधी मुलाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून तासभर भाव करत बसले होते.

त्यांनी मोटर चालू केली आणि 'बंद'च्या बटणावर अंगठा ठेवला. मी चाचणीच्या स्विचने एक फेज तोडला. आवाज बदलून घरघर सुरू झाली, पण रिले जागचा हलला नाही. फिरती मोटरच तुटलेल्या फेजवर परत व्होल्टेज देत होती आणि माझा रिले फसला होता. मी ओरडले, "काका, बंद करा!" त्यांनी वळून पाहिलं नाही. मी धावत जाऊन त्यांच्या अंगठ्यावर माझा हात दाबला.

मोटर थांबली. काका खाली बसले. "माका आता आयकाक येना नाय, बाय," ते हळूच म्हणाले. "दातांतसून थोडा कळता, तितक्याच. घरघर कळली नाय, दुसरी मोटर माझ्यामुळे जळली."

मी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात तिन्ही तारांतला करंट मोजणारा रिले घेऊन आले; तुटलेल्या तारेत करंट वाहत नाही, त्यामुळे मोटर त्याला फसवू शकत नव्हती. चालत्या मोटरीचा फेज काकांनी स्वतः तोडला. काही सेकंदांतच मोटर आपोआप थांबली. त्यांनी तीनदा तोडून पाहिला, मग हात पुसून हिराबाईंसमोर उभे राहिले.

"दुसरी मोटर माझ्या कानांमुळे गेली. आता हा रिले बघील. माझी गरज नाय."

हिराबाई बर्फाच्या लादीवर पोतं टाकत होत्या. "मना कवाच ठाव हाय. मी हाक मारतंय नि तू भलतीकडंच बघतंस." काकांना नीट कळावं म्हणून त्या त्यांच्या तोंडासमोर येऊन सावकाश बोलल्या. "पन खोटं किती दिवस बोलतंस, तां बघत व्हते. उद्या येळेवरच कामाला ये."