अर्ध्या टाकीचा भागाकार

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत पाण्याची जबाबदारी कमिटीनं माझ्यावर टाकली, ती मी कॉमर्सचा पदवीधर म्हणून. गणितात तिसऱ्या खेपेला सुटलो, हे कमिटीनं विचारलं नाही आणि मीही सांगायची घाई केली नाही.

त्या रविवारी शटडाऊन होता. नळाला पाणी थेट संध्याकाळी, आणि दुपारी आमच्याकडे बायकोच्या भाचीचं केळवण. साताऱ्याहून माणसं येणार. लग्न ठरलेल्या मुलीला जेवायला बोलावलं आणि हात धुवायला पाणी नव्हतं, ही गोष्ट बायकोच्या माहेरी पुढच्या चार लग्नांत तरी चघळली गेली असती. म्हणून सकाळीच गच्चीवर जाऊन टाकीत डोकावलो. अर्धी होती. आमच्या बिल्डिंगला तासाला टाकीचा आठवा भाग लागतो, हे ज्ञान मी वर्षभर मिरवत होतो.

खाली येऊन हिशेब मांडला. एक द्वितीयांश भागिले एक अष्टमांश. उत्तर आलं, तासाचा सोळावा भाग. म्हणजे चार मिनिटंसुद्धा नाहीत!

"चार तास जाईल की," पुऱ्यांच्या लाट्या करता करता बायको म्हणाली.

"अगं, भागल्यावर कधी वाढतं का? आधीच अर्धी, त्यात भागली!"

"अहो, अर्ध्यात असे आठवे भाग किती बसतात ते बघायचंय ना? चार. लाटी लहान घेतली की पुऱ्या जास्त होतात, तसं."

"पुऱ्या वेगळ्या, गणित वेगळं," असं म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'टाकी संपत आली आहे. ताबडतोब पाणी भरून घ्यावे.' शेवटी जोडलेले हात.

बिल्डिंगमधले सगळे नळ एकदम सुटले. बादल्या, टब, कुकर. एकानं तर कूलरसुद्धा भरला. मी ग्रुपवरच्या शंकांचं समाधान करण्यात गुंग, आणि बायको चार तासांच्या भरवशावर. तिनं पातेलं नळाखाली धरलं, तेव्हा नळ नुसता फुसफुसला.

"बघ, म्हटलं होतं ना?" मी म्हणालो. हे मी का बोललो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तेवढ्यात भाचीचा फोन. "मावशी, कळंबोलीला उतरलो. रिक्षा बघतोय."

बायकोनं दोन रिकाम्या बादल्या माझ्या हातात दिल्या.

समोरच्या काकूंनी दार उघडलं. "भाऊ, अगदी वेळेवर मेसेज केलात बघा! आणि तुमच्याच घरी नाही? लोकांसाठी किती कराल हो!" वरच्या मजल्यावर सेक्रेटरी भेटले. बादली भरून देताना म्हणाले, "टेन्शन नको. पुढच्या वर्षीही पाणी तुमच्याकडेच. असा अचूक अंदाज कोण देतं आजकाल?"

पाहुणे आले, तेव्हा मोरीत आमच्या दोन बादल्यांच्या जोडीला पाच घरच्या पाच रंगांच्या बादल्या उभ्या होत्या. हात धुता धुता भाची म्हणाली, "काका, तुमच्याकडे पाण्याची फारच टंचाई दिसते."

मी टॉवेल पुढे केला.

"टंचाई कसली?" बायको आतून म्हणाली. "भरपूर आहे पाणी. तुझ्या काकांनी घरोघरी ठेवायला दिलंय."