पिसूची दुसरी सीट

नेव्हिल लार्टरने आयुष्यभर बीटाचे ट्रक तोलले. साखर कारखान्याच्या फाटकापाशी काट्याची खोली होती, तिथे तो बसायचा. भरलेला ट्रक आत जाताना तोलायचा, रिकामा बाहेर येताना तोलायचा, आणि मधला फरक खिडकीतून ओरडून सांगायचा. एवढी वर्षं दुसऱ्यांची ओझी मोजल्यावर माणसाला ओझ्याचीच चीड येणार. नेव्हिलला ती जरा जास्त आली, एवढंच.

मी ग्लेनिस. मंडळाची चहाची टपरी माझी. मंडळ म्हणजे हलक्या गाड्यांनी वेड लागलेल्या लोकांचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लोक युद्धाच्या वेळच्या ओसाड धावपट्टीवर जमतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या नॉरफोकचा वारा समुद्रावरून येऊन कान सोलत असतो आणि चांगली नातवंडं असलेली माणसं एकमेकांच्या गाड्यांखाली आडवी पडलेली असतात. नियम एकच: आधी काटा, मग चहा. चार चाकांखाली वजन दाखवणाऱ्या चार पाट्या सरकवायच्या, चालवणाऱ्याने आत बसायचं, आणि भरेल तो आकडा टपरीच्या दारावर खडूने लिहायचा. तो लिहिल्याशिवाय मंडळाच्या मगातला चहा कुणालाही मिळत नाही. चालवणाऱ्यासकट वजन का, तर नेव्हिलच्या मते चालवणारा हेही ओझंच. त्यामुळे रविवारी कोणी घरून खाऊन येत नाही. बर्नर्ड मेस तर किल्ल्यांचा जुडगा आणि दातांची कवळी काढून माझ्याकडे सांभाळायला देतो. बेकनचा पाव खायच्या वेळी मग माझ्याभोवती घुटमळतो.

काटा नेव्हिलच्या ताब्यात, आणि सगळ्यांत हलकी गाडीही त्याचीच. तरुणपणी घरामागच्या शेडमध्ये त्याने ती स्वतःच्या हाताने जुळवली होती. पातळ पत्रा, उघडं डोकं, जमिनीपासून वीतभर उंच. आम्ही तिला पिसू म्हणतो. पहिल्या उन्हाळ्यात ऑड्रेला शेजारी बसवून तो तिला समुद्रकाठच्या क्रोमरला खेकडे खायला घेऊन गेला, आणि येताना वाटेत पिसू थांबवून त्याने लग्नाचं विचारलं. ऑड्रे सांगते, "मी हो म्हटलं कारण वाऱ्यात मला अर्धंच ऐकू आलं." पण हे सांगताना ती अजून लाजते.

लग्नानंतर मात्र वजन उतरवायचं भूत नेव्हिलच्या मानगुटीवर बसलं. आधी पिसूतला गालिचा गेला, मग हीटर, मग जादा चाक, जॅक, आतला आरसा. पेडलांना भोकं पाडली. एकदा त्याने टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली, आणि दात काही आपण गाडीत घासत नाही हे ऑड्रेने दाखवून दिल्यावर दोन दिवस रुसून बसला. शेवटी त्याने डावीकडची सीट काढली. ऑड्रेची सीट. त्या जागी पत्र्याचं झाकण आलं.

ऑड्रेने भांडण केलं नाही. तिने एक जुनी व्हॅन घेतली. जादा चाक, जॅक, हत्यारांची पेटी, ताडपत्री, सँडविच, थर्मास, शिवाय काट्याच्या त्या चार जड पाट्या, सगळं तिच्या व्हॅनमध्ये. पिसू पुढे आणि व्हॅन मागे, अशी चाळीसेक वर्षं गेली. व्हॅनला कोण तोलणार? त्यामुळे ऑड्रे मंडळाचा चहा कधी प्यायलीच नाही. व्हॅनच्या पायरीवर बसून थर्मासातला प्यायची. ती काढलेली सीट तिने टोमॅटोच्या काचघरात नेऊन ठेवली. तिच्यावर बसून ती वाटाणे सोलते, आणि तिच्या चामड्याला वर्षातून एकदा तेल लावते, हे मी पाहिलंय.

मी एकदा नेव्हिलला तोंडावर म्हटलं, "तुझी गाडी कसली हलकी रे? तुझं ओझं बायकोच्या गाडीत आहे."

"म्हणजे माझी गाडी हलकीच झाली ना?" तो म्हणाला. अशा माणसापुढे काय डोकं फोडणार!

तर या वर्षी हेरॉन नावाच्या गाडीची बातमी आली. शेजारच्या परगण्यात टॅमझिन रड नावाच्या एका बाईने मूठभर माणसं हाताशी धरून नवी सुपरकार बनवली होती. टनाच्या आत वजन, हाताने टाकायचे गिअर, तीन पेडल, समोर टीव्हीसारखा पडदाबिडदा काही नाही. फक्त चालवणाऱ्यासाठी केलेली गाडी. फोटो आले आणि माझ्या टपरीपुढे रणधुमाळी माजली. एकाला पुढचं तोंड बगळ्यासारखं वाटलं, दुसऱ्याला बेडकासारखं. एक जण गिअरच्या दांड्याचा फोटो पाकिटात घालून फिरू लागला. त्या पाकिटात त्याच्या मुलांचा एकही फोटो नव्हता.

"दारात कप ठेवायला जागा आहे!" बर्नर्ड किंचाळला. "कप! ही काय मावशीकडे जायची गाडी आहे?"

"आणि दोन सीट," दुसरा म्हणाला. "चालवणाऱ्यासाठी म्हणता, मग दुसरी कशाला?"

सगळे नेव्हिलकडे बघू लागले. पण तो एवढंच म्हणाला, "आधी काटा. मग बोलू."

तो हल्ली कमीच बोलत होता. वसंतापासून पिसू आली नव्हती. "गिअरबॉक्स खोललाय," असं तो सांगायचा आणि ऑड्रेच्या व्हॅनमधून उतरायचा. काट्यावरचा आकडा आधी तो स्वतः पुकारायचा, आता बर्नर्डला पुढे करायचा. एका रविवारी सगळे गेल्यावर तो टपरीत आला, आणि मी पुढे केलेला मग त्याने दोनदा चाचपून पकडला.

"नेव्हिल, डोळ्यांना काय झालंय?" मी सरळ विचारलं.

"समोर बघितलं की मधोमध डाग दिसतो. कडेकडेचं दिसतं. आत्ता तुझे कान दिसतायत, तोंड नाही."

"मग फायद्यातच आहेस की."

तो हसला, पण हसू टिकलं नाही. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली होती. लायसन्स परत करून झालं होतं. गिअरबॉक्स धडधाकट होता. ऑड्रेला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

"गाडी गेली की मी कोण उरतो, ग्लेनिस? काट्याच्या खोलीतून निवृत्त झालेला म्हातारा. मंडळात मला कोण विचारणार?" मग त्याने मनातलं सांगून टाकलं. आमच्याकडे नवी गाडी आली की पहिली फेरी काटेवाल्याची असते. वजन आकड्यात कळतं, पण हलकेपणा हातालाच कळतो, असं मंडळ मानतं. हेरॉन पुढच्या महिन्यात येणार होती. "एकदाच चालवायचीय. धावपट्टी सरळ आहे. कडा मला दिसतात. कोणाला सांगू नकोस."

"आणि मधे कोणी आलं तर?"

चहा गार होईपर्यंत तो तसाच बसला, आणि मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची माया आली.

हेरॉन आली त्या दिवशी धावपट्टीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी उघड्या ट्रकवरून उतरली, आणि इतके दिवस भांडणारी ही माणसं देवळात शिरल्यासारखी गप्प झाली. बर्नर्ड गुडघ्यांवर बसून खालून बघू लागला आणि त्याला पुन्हा उठवायला दोघे लागले. कोणी दाराला एका बोटाने ढकललं, ते अलगद मिटलं, तर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी. टॅमझिन अंगातल्या मळक्या कोटाच्या खिशात हात घालून उभी होती, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखी.

काट्यावर चढवली. बर्नर्डने आकडा पुकारला. टनाच्या आत, आणि तेही टॅमझिनला धरून. टोप्या उडाल्या.

"कपाची जागा काढा, अजून उतरेल," बर्नर्ड म्हणाला. "आणि ती दुसरी सीटसुद्धा."

"कप गेला तर चालेल," टॅमझिन म्हणाली. "सीट राहणार. गाडी किती चांगली आहे हे शेजारी कोणी ओरडल्याशिवाय मला तरी कळत नाही." मग ती नेव्हिलकडे वळली. "मिस्टर लार्टर, तुमच्याकडची रीत मला माहीत आहे. पहिली फेरी तुमची. या, बसा."

नेव्हिल बसला. त्याने एक हात स्टिअरिंगवर ठेवला, दुसऱ्याने इंजिन बंद असतानाच गिअर टाकून बघितले, पहिला, दुसरा, परत पहिला. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. लोकांनी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना रांगा केल्या होत्या, पुढे पुढे सरकत होते. माझ्या हातातल्या फडक्याचा मी पिळून चोथा केला. ओरडावं का? त्याने सांगू नकोस म्हटलं होतं. पण समोर माणसं होती.

पलीकडे व्हॅनपाशी ऑड्रे थर्मास घेऊन उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला, म्हणजे तिच्या जरा बाजूला. हल्ली त्याला तसंच बघावं लागतं. मग दार उघडलं आणि तो बाहेर आला.

"ऑड्रे," त्याने हाक मारली, "तू चालव."

"काय रे, ही व्हॅनवाली?" बर्नर्ड म्हणाला.

"मला दिसत नाही, बर्नर्ड. मधोमध काहीच दिसत नाही. गिअरबॉक्सचं मी खोटं सांगितलं." सगळ्यांसमोर, खिडकीतून ट्रकचं वजन सांगायचा त्याच मोठ्या आवाजात तो बोलला. "काटेवाल्याची फेरी मी तिला देतो. मी शेजारी बसेन."

ऑड्रेने थर्मास माझ्या हातात दिला आणि बागेतले बूट काढले. "तेवढंच हलकं," ती म्हणाली आणि मोज्यांवर जाऊन स्टिअरिंगमागे बसली.

पुढे जे झालं ते मंडळ अजून चघळतंय. हेरॉन सुटली ती सुटलीच. टोकाच्या वळणावर आम्हाला वाटलं, आता गेली बाई गवतात. पण तिने एकामागून एक गिअर उतरवले, एकदाही खरखर न होता, आणि गाडी भाकरी उलथावी तशी वळवून परत आणली. टॅमझिनचा हात तोंडावर होता. आणि शेजारच्या सीटवरून नेव्हिल ओरडत होता, अगदी पोरासारखा, ते आम्हाला टपरीपर्यंत ऐकू येत होतं. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पिसूच्या मागे लागायचं, तेही चाक, जॅक, हत्यारं आणि काटा लादून, इतकी वर्षं, या अरुंद वळणदार रस्त्यांवरून. नॉरफोकमधली सगळ्यांत तरबेज चालवणारी बाई दर महिन्याला आमच्यासमोर व्हॅनच्या पायरीवर बसून चहा पीत होती.

गाडी थांबली. दोघं लगेच उतरले नाहीत. मी थर्मास द्यायला गेले होते म्हणून ऐकलं.

"अशी कधीपासून चालवतेस तू?"

"तुझ्या मागून यायला लागल्यापासून. तू आरशात कधी बघितलं नाहीस."

"आरसा मी काढला होता."

"ते मला माहीत आहे. माझ्याच व्हॅनमध्ये आहे तो."

मग तो म्हणाला, "डोळ्यांचं तुला आज कळलं. मी आधी सांगायला हवं होतं."

"गेल्या महिन्यात तू माझ्या लोकरीच्या टोपीपुढे दुधाची बशी ठेवलीस, नेव्हिल. मांजर खुर्चीवरून बघत होतं. मी वाट बघत होते, तू कधी सांगतोस याची." आणि तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, उगीचच.

पुढच्या महिन्यात पिसू आली. उजवीकडे ऑड्रे, डावीकडे नेव्हिल. पत्र्याचं झाकण गेलं होतं आणि त्या जागी काचघरातली सीट होती, तेल लावलेली, पाठीला टोमॅटोचा जुना डाग. काट्याच्या पाट्या या वेळी बर्नर्डने वाहून आणल्या होत्या, आणि कंबर धरून त्याचं गाऱ्हाणं चालू होतं.

पाट्या चाकांखाली सरकल्या. नेव्हिल उतरायला लागला, तसा ऑड्रेने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस. बसूनच तोलायचं."

बर्नर्डने आकडा वाचला, परत वाचला आणि घसा खाकरला. पिसू इतकी जड कधीच भरली नव्हती. दारावर लिहिलेल्या निम्म्या गाड्या तिच्याहून हलक्या निघाल्या. एरवी अशा वेळी मंडळ माणसाला सोलून काढतं. त्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही, बर्नर्डने तर कवळी तोंडात असूनही नाही.

"परत सांग," नेव्हिल म्हणाला.

बर्नर्डने परत सांगितलं.

"बरोबर आहे. लिही दारावर, मोठ्या अक्षरात," नेव्हिल म्हणाला, आणि शेजारी, ऑड्रेच्या जरा बाजूला बघत राहिला. "इतकी वर्षं माझा काटा कमी दाखवत होता."

"पुरे झालं, उतर आता," ऑड्रे म्हणाली. "मला चहा हवाय."

मी मंडळाचा मग काढला आणि काठोकाठ भरला.