दोन लाख चौऱ्याण्णव हजार चारशे नऊ

तीन नंबरच्या व्हिलातले अरुणकुमार म्हणे लिलावात गाडीचा व्हीआयपी नंबर घेताहेत! कंपाउंडभर बोलबाला. लिलाव नाही की फिलाव नाही. पाटी तीच, ट्रॅफिक खात्याने गुमान हातात ठेवलेली, २९४४०९. पण ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही पुरता भाग जात नाही, असं अरुणकुमारांनी मंडळाच्या गणपतीत चक्क माइकवरून सांगितलं होतं. त्याचा तोंडोतोंडी हा लिलाव झाला.

गृहस्थ नाशिकचे, इथे आखातात मेट्रोच्या कामावर. सकाळी साइट, दुपारी वेस्ट बेचं ऑफिस, संध्याकाळी डायव्हर्जन. वर्ल्ड कपच्या नावाने रस्ते रोज कूस बदलत. काल जिथे वळलं, तिथे आज खड्डा. गाड्यांच्या रांगेत डोळा लागू नये म्हणून ते समोरच्या नंबरांना भाग देत बसायचे. घरी पोचेपर्यंत माणसाचा पार चोथा.

उद्या लेकीच्या, ईशाच्या, शाळेत गणिताचं प्रदर्शन होतं. तिने बाबांच्या नंबरचा तक्ता रंगवून ठेवला होता, 'आमची मूळ संख्या'. आणि नेमकं आज संध्याकाळी, सिग्नलला समोर धुळीने पाटी झाकलेला ट्रकच आल्यामुळे, अरुणकुमारांनी आपल्याच नंबराला सदतीसने भागलं. बाकी शून्य! मागचा हॉर्न वाजवून थकला.

खरं तर भाग देत जायला हवं होतं वर्गमुळापर्यंत, म्हणजे पाचशे बेचाळीसपर्यंत. पाटी मिळाली त्या दिवशी ते एकतिसापर्यंत आले, सिग्नल सुटला, आणि 'खलास, मूळच आहे' म्हणून मोकळे झाले. एकतिसानंतरची पहिलीच मूळ संख्या सदतीस!

सांगावं तर पोरीचा तक्ता वाया, न सांगावं तर पोर भर शाळेत खोटी पडणार. बूटही न काढता त्यांनी सांगून टाकलं.

"बाबा, सीरियसली? यू टोल्ड एव्हरीवन!"

"दमलो होतो गं."

"अहो, आधी बसा तरी," पत्नी सरोजिनीबाईंनी पाणी पुढे केलं.

ईशा फुरंगटून लॅपटॉपकडे गेली, आणि थोड्या वेळाने तिथूनच ओरडली, "बाबा, इट्स अ कारमायकेल नंबर!" म्हणजे जातीने मूळ नाही, पण मूळ संख्या ओळखण्याच्या एका नावाजलेल्या परीक्षेत बेमालूम पास होणारी. सदतीस गुणिले त्र्याहत्तर गुणिले एकशे नऊ. सदतीस उलटा केला की त्र्याहत्तर, हे तर अरुणकुमारांच्याही ध्यानात आलं नव्हतं. तक्त्यावर नवा मथळा चढला, 'बाबांना फसवणारी संख्या'.

प्रदर्शनात शेजारचे पोपटराव तक्ता वाचून खदाखदा हसले. "काय साहेब, फुटला की तुमचा नंबर!"

अरुणकुमारांनी जांभई दाबली. "फुटला. पण त्याला सदतीस लागले, पोपटराव. तुमच्या गाडीचा नंबर सम आहे, तो दोनातच फुटतो."