पडसं झालेला रेडिओग्राम

"हात दाखव."

सिस्टरबाईंच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी हे ऐकावं लागे. पहिले तळवे, मग उलटे करून नखं. नखात हळद दिसली तरी त्यांचं नाक असं आक्रसायचं, की आपण मेलेला उंदीर घेऊन आलो की काय असं समोरच्याला वाटावं. "शी! जाय, साबणानं धू अन् मंग ये." हात पास झाले, की मगच रेडिओग्रामजवळच्या सतरंजीवर बसायची परवानगी मिळे.

अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात मी नवी नर्स म्हणून लागले आणि माझी खोली नेमकी त्यांच्या शेजारी आली. दोघींना मिळून एक व्हरांडा. मी अचलपूरची, माळ्याच्या घरची. भाजी खुडून खुडून माझी बोटं काळी पडलेली. ती धुऊन निघणारी नाहीत हे पटायला सिस्टरबाईंना महिना लागला.

जग म्हणजे एक नीट न घासलेलं भांडं आहे, असं मानणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सिस्टरबाई त्यांतल्या. भिंतीवरची पानाची पिंक, चहाच्या कपाला आलेला ओशट वास, तोंडात तंबाखू धरून बोलणारा माणूस, सगळ्यांची त्यांना शिसारी. पण वॉर्डात रक्त, पू, ओकारी यांत त्यांचे हात कोपरापर्यंत असत आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "रोग्याची घाण, घाण नसते वं. ते त्याचं दुखणं हाय. निरोगी माणूस करते, ते घाण."

त्यांचं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेलं. खोलीत बुद्धाची एक तसबीर, एक पलंग आणि तो रेडिओग्राम. मिशनच्या दवाखान्यातली गोरी डॉक्टरीण मायदेशी परतताना त्यांना देऊन गेलेली वस्तू. कपाटाएवढं लाकडी धूड. वर रेडिओ, खाली तबकडीची चकती आणि पोलादी सुईचा लोखंडासारखा जड हात. कधीकाळी तो गोड वाजत असेल. मी गेले तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. गाणारी कुणीही असो, सिस्टरबाई दोन ओळी ऐकत आणि निदान करत, "या बाईले पडसं झालं." मग खटका बंद. "नाक शिंकर म्हनावं पहिले!"

त्यातच मोठ्या, हळू फिरणाऱ्या नव्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला अर्धा तास गाणं! आमच्या धुडाला फक्त जुन्या, भरभर फिरणाऱ्या तबकड्याच कळत. शेवटी सिस्टरबाई रजा टाकून अकोल्याला गेल्या आणि तिथल्या एका रेडिओवाल्याला घेऊनच आल्या.

तो दारात उभा राहिला, तोंडात पान. "थुकून ये. चूळ भर. हात दाखव." बिचाऱ्याने तिन्ही गोष्टी केल्या.

त्याने मागची फळी काढली आणि आम्ही दोघी एकदम मागे सरलो. आत उंदरांनी सरकीच्या कापसाचं मऊ घरटं केलं होतं. त्यात वाळून कागद झालेली दोन पिल्लं. कोपऱ्यात पालीची अंडी, तारांवर झुरळांचे पंख, आणि या सगळ्यावर काजळीचा चिकट थर. वास तर विचारू नका.

रेडिओवाला हसला. "बाई, अंदर तं पूरा मोहल्लाच हाय!"

सिस्टरबाईंनी पदर नाकाला लावला होता. पदराआडून म्हणाल्या, "इतके वर्सं मी याच्यातून निंघालेलं गानं कानात घेत होती?" त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. ते खोकं त्यांनी अंगणात ओढून फिनाइलने धुतलं, तर त्याचे पापुद्रेच सुटले. मग ते फोडून सरळ बंबात गेलं.

रेडिओवाल्याने धीर दिला, "सगळंच नवं करू. तीन गतींची चकती, हलका हात, बारीक सुई, अन् स्पीकर अलग डब्यात. त्याले हायफाय म्हंतात."

"हाय तं हाय, फाय काय?"

"असली आवाज, बाई. मानूस म्होरं बसल्यासारखा."

स्पीकरचा डबा परतवाड्याच्या सुताराने सागवानाचा केला. आतून त्याला कापसाचं अस्तर लागतं म्हणे, नाहीतर आवाज घुमतो. रेडिओवाला सहज बोलून गेला, "दवाखान्यातला कापूस आना ना थोडा." त्यावर सिस्टरबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो स्वतःच उठून बाजारातून कापूस घेऊन आला. त्यातला काडीकचरा सिस्टरबाईंनी एकेक करून वेचला.

सगळं जुळलं त्या दुपारी त्यांनी नवी तबकडी लावली. एका बाईचं भजन होतं. ओळ सुरू व्हायच्या आधी आत कुणीतरी हलकेच हवा ओढून घेतली. मी दचकून दाराकडे पाहिलं. सिस्टरबाईंनी माझं मनगट धरलं. "ऐक, श्वास घेऊन राहिली." बाजू संपेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. नाकाला हात न लावता, पदर न लावता त्या इतका वेळ बसल्या, हे मी प्रथमच पाहत होते.

मग आमचा व्हरांडा भरू लागला. आया, ड्रेसर, पेशंटच्या बहिणी. पलीकडच्या सरकारी क्वार्टरमधल्या एका साहेबांची बायकोही यायची. पुण्याकडची, बोलणं गोड. ती पायरीवरच बसे. पाणी विचारलं की तिला नेमका उपास असे. सिस्टरबाईंनी तिसऱ्या वेळेपासून विचारणं सोडलं. तिचं धाकटं पोर याच सिस्टरबाईंच्या हातात जन्मलं होतं, तेव्हा मात्र उपास नव्हता.

तिच्या मोठ्या मुलीचा साखरपुडा ठरला. बाई आली आणि म्हणाली, "अहो सिस्टर, एक दिवस तुमचं मशीन मिळेल का? दोन माणसं पाठवते न्यायला."

"मशीन एकटं नाई जात. मी येईन संगं. लावनार मीच."

"या ना. अगदी या."

आम्ही दोघी गेलो. हातगाडीवर गाद्यांमध्ये मशीन, बाजूला इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यात सिस्टरबाई. मांडवात सगळं जोडून झाल्यावर त्या नळावर हात धुवायला गेल्या. मी तबकड्या सांभाळत उभी होते. तेवढ्यात साहेबांची म्हातारी आई आली. हातात तांब्याचं भांडं, तुळशीची डहाळी. काही कळायच्या आत तिने मशीनवर गोमूत्र शिंपडायला सुरुवात केली.

"आजी, अहो, आत वीज आहे!"

"तुझं ठीक आहे गं," म्हातारी मला समजावत म्हणाली. "तिनं हाताळलंय ना सगळं." आणि उरलेलं तिने स्पीकरच्या डब्यावर उलटं केलं. पिवळा ओघळ समोरच्या कापडातून आत उतरताना मला दिसला.

सिस्टरबाई परत आल्या होत्या. त्या वाकल्या, वास घेतला. नाक आक्रसलं.

"शी."

मग म्हातारीकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "हात दाखवा."

म्हातारीने काय झालं ते न कळून खरंच तळवे पुढे केले. सिस्टरबाईंनी ते उलटे करून नखं पाहिली. "साबनानं धुवा. याच हातानं पावन्याले वाढसान." आणि गाडीवाल्यांना म्हणाल्या, "उचला."

साहेबांची बायको धावत आली. "अहो सिस्टर, सासूबाई जुन्या वळणाच्या. मनावर घेऊ नका, मुलीचं शुभकार्य आहे."

"मनावर नाई घेतलं बाई. अंगावर पडलं असतं तं धुतलं असतं. हे आतून कागदाचं हाय, धुता येत नाई."

मशीन परत खोलीत आणलं. रेडिओवाला आला, त्याने स्पीकर वाळवला, वाजवून पाहिला. "काई झालं नाई, बाई. पहिल्यासारखाच हाय."

खरंच होता. मीही तेच म्हटलं.

"वास येते," सिस्टरबाई म्हणाल्या.

रेडिओवाल्याने डब्यात तोंड घालून हुंगलं. मी हुंगलं. आम्हाला काही येईना.

"मले येते."

दुसरा स्पीकर आला, दुसरं कापड, दुसरा कापूस. जुना स्पीकर त्यांनी दवाखान्याच्या मागच्या भट्टीत स्वतः टाकला. मी हळहळले, "चांगला होता हो." तर म्हणाल्या, "पट्टीबी चांगल्याच कपड्याची असते. घाण पुसली का जाळाच लागते."

पुढच्या उन्हाळ्यात गावात हगवणीची साथ आली आणि ती म्हातारी आमच्याच वॉर्डात दाखल झाली. अंगात उठायचं त्राण नव्हतं. सिस्टरबाईंनी तिला दिवसातून कितीदा पुसलं, लुगडी बदलली, चादरी बदलल्या. म्हातारी डोळे मिटून सगळं करून घेई. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, जवळ उभ्या सिस्टरबाईंच्या हातातला पेला पाहिला आणि तोंड फिरवलं. "त्या दुसरीला बोलाव. तिच्या हातचं दे."

मला जशी किळस आली, तशी वॉर्डातल्या कुठल्याही बादलीची कधी आली नव्हती. मी सरळ वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात निघून गेले. सिस्टरबाई मागून आल्या आणि पेला माझ्या हातात दिला.

"मी नाही देणार. मरू दे."

"तिले तहान लागली हाय."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटते. घरी जाऊन आंघोळ करतो. तू आता पानी दे."

मी दिलं. म्हातारी बरी होऊन घरी गेली. साहेबांच्या बायकोने पेढ्यांचा पुडा पाठवला. सिस्टरबाईंनी तो न उघडता आयांना वाटून टाकला.

त्यानंतर लवकरच त्यांची अकोल्याला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, पण स्पीकरचा डबा त्या सोडेनात. ड्रायव्हर म्हणाला, "मांगं ठेवा ना बाई, दोरीनं बांधून देतो."

"तुले बांधू का दोरीनं? मूर्तिजापूरपावतर खड्डेच खड्डे हायेत."

त्या पुढे त्याच्या शेजारी चढल्या, मांडीवर एक स्वच्छ चादर पसरली आणि मला डबा वर द्यायला सांगितलं. मी काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी डबा नीट बसवण्यातच सगळं लक्ष घातलं होतं. नंतर आमची भेट झाली नाही. पुढे त्या वारल्याचंही मला अकोल्याच्या एका नर्सकडून कळलं.

त्या दिवशी ट्रक सुरू झाला. डबा इतका उंच, की त्याच्यामागे त्यांचा चेहरा पार झाकून गेला होता. बडनेऱ्याच्या रस्त्याला वळेपर्यंत मी पाहत होते. बाजूच्या खिडकीतून सागवानाची एक चौकोनी पाठ आणि तिच्या वर पांढऱ्या पदराची कड, एवढंच दिसत राहिलं.